हवाई नियंत्रकाचा ताण : उत्तर आधी रोस्टरमध्ये शोधावे

हवाई वाहतूक नियंत्रकाच्या कामाविषयी लिहिले जाते तेव्हा ‘अत्यंत ताणाची नोकरी’ हे शब्द हमखास येतात आणि त्यांच्यापाठोपाठ श्वसनाचे व्यायाम, ध्यान, सकस आहार, छंद यांची यादी येते. मी अनेक वर्षे रडारसमोर बसून काम केले, पुढे नव्या नियंत्रकांना प्रत्यक्ष ड्यूटीवर शिकवले आणि एखाद्या प्रसंगाने हादरलेल्या सहकाऱ्यांना आधार देणाऱ्या गटातही काम केले. या यादीतल्या कोणत्याही गोष्टीला माझा विरोध नाही. त्यांतल्या काही मी स्वतः पाळते. परंतु ताणाच्या व्यवस्थापनाची सुरुवात तिथून करणे मला चुकीचे वाटते. या कामातला जो ताण माणसाला आजारी पाडतो आणि त्याची कामगिरी बिघडवतो, तो बहुतांशी कक्षात किती माणसे आहेत, दोन शिफ्टमध्ये किती तासांचे अंतर आहे, ब्रेक प्रत्यक्षात मिळतो की कागदावरच राहतो आणि काही विपरीत घडल्यानंतर संस्था कशी वागते, यांवर ठरतो. म्हणून त्याचे उत्तर सर्वांत आधी रोस्टरमध्ये, म्हणजे पाळ्यांच्या वेळापत्रकात, शोधले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

आधी कामाचे स्वरूप सांगते. मार्गस्थ विमानांच्या रडार सेक्टरमध्ये, म्हणजे नियंत्रकाकडे सोपवलेल्या आकाशाच्या तुकड्यात, दोन विमानांत सर्वसाधारणपणे आडवे ५ सागरी मैल किंवा उभे १,००० फूट, यांपैकी एक तरी अंतर कायम राखावे लागते; विमानतळाच्या परिसरात आडवे अंतर ३ सागरी मैलांपर्यंत खाली येऊ शकते. हे आकडे ऐकायला प्रशस्त वाटतात. पण समोरासमोर येणारी दोन जेट विमाने मिनिटाला सुमारे १५ सागरी मैलांच्या वेगाने एकमेकांजवळ येतात, म्हणजे पाच मैल संपायला वीस सेकंद पुरतात. त्यामुळे नियंत्रकाला आत्ता काय आहे यापेक्षा पुढच्या पाच-दहा मिनिटांत काय होणार आहे ते सतत डोक्यात मांडून ठेवावे लागते. कोणते विमान कोणाला कुठे छेदणार, कोणाला आधी खाली उतरवायचे, कोणाला थोपवायचे, शेजारच्या सेक्टरला काय कबूल केले आहे, या सगळ्याची मिळून जी मांडणी डोक्यात तयार होते तिला आम्ही चित्र म्हणतो. चित्र शाबूत असेल तर गर्दीतही माणूस शांत असतो. ते निसटू लागले की मोजक्या विमानांतही घाम फुटतो.

बाहेरच्या माणसाला वाटते की विमाने जितकी जास्त तितका ताण जास्त. प्रत्यक्षात ठरलेल्या मार्गांवरून, ठरलेल्या पातळ्यांवर जाणारी वीस विमाने सांभाळणे हे पावसाळी ढगांभोवतीच्या आठ विमानांपेक्षा कितीतरी सोपे असते. सेक्टरच्या मध्यावर गडगडाटी ढग उभा राहिला आहे, अशी वेळ डोळ्यांसमोर आणा. पहिला वैमानिक वीस मैल डावीकडे वळण्याची परवानगी मागतो. त्याला ती देण्यापूर्वी डावीकडे कोण आहे ते पाहावे लागते, तेवढ्यात दुसरा उजवीकडे वळायचे म्हणतो. तिसऱ्याला वरची पातळी हवी असते. चौथा आणि पाचवा एकाच क्षणी बोलतात आणि फ्रिक्वेन्सीवर नुसती किरकिर ऐकू येते. आता कोण काय म्हणाले हे पुन्हा विचारण्यात दोन वाक्यांचा वेळ जातो. शेजारच्या सेक्टरचा फोन वाजत असतो, कारण तुम्ही वळवलेले विमान त्यांच्या हद्दीला घासून जाणार असते. या सगळ्यात प्रत्येक रीडबॅक, म्हणजे वैमानिकाने उलट म्हणून दाखवलेली सूचना, कान देऊन ऐकायचा असतो. आपण ‘तीन तीन शून्य’ (म्हणजे ३३,००० फुटांची पातळी) सांगितले आणि वैमानिकाने ‘तीन पाच शून्य’ म्हटले तर ती चूक पकडण्याची संधी तेवढ्या एका सेकंदाचीच असते. ढग नकाशावरच्या मार्गांना जुमानत नाही, त्यामुळे नेहमीची मांडणी मोडते आणि प्रत्येक निर्णय नव्याने घ्यावा लागतो.

अशा वेळी अनुभवी नियंत्रक काय करतो, हे पाहण्यासारखे असते. फ्रेंच संशोधक झाँ-क्लोद स्पेरांदियो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की विमानांची संख्या वाढत गेली की नियंत्रक आपली काम करण्याची पद्धतच बदलतात. मोकळ्या वेळी ते प्रत्येक विमानाचा वेग, मार्ग, इंधनाची बचत यांचा विचार करून त्याला सोयीचा उपाय देतात; गर्दी वाढली की कमी माहितीवर चालणारे, सर्वांना सारखे लागू होणारे ठोकळेबाज उपाय वापरतात. मी ज्यांच्याकडून शिकले त्यांचे वागणे नेमके असेच होते. गर्दी चढू लागली की ते सरळ मार्गाची सवलत देणे थांबवत, वाक्ये छोटी करत, आवाज मात्र त्याच लयीत ठेवत आणि विमाने एकमेकांखाली अशा पातळ्यांवर लावत की विसर पडला तरी कोणी कोणाला भिडणार नाही. हे ताणाचे व्यवस्थापनच आहे, आणि ते प्रशिक्षणातून येते. शिकाऊ नियंत्रकाला मी पहिल्यापासून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असे, की सुरक्षितता आणि सोय यांपैकी सोय आधी सोडायची आणि ती सोडताना वैमानिकाच्या नाराजीचे ओझे वाटून घ्यायचे नाही.

कामाचा जोर आणि आजार यांचे नाते वाटते तितके सरळ नाही. बॉस्टन विद्यापीठात रॉबर्ट रोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ४१६ नियंत्रकांचा तीन वर्षे अभ्यास केला आणि १९७८ मध्ये त्याचा अहवाल दिला. नियंत्रक प्रत्यक्ष कामावर असताना त्यांचा रक्तदाब आणि रक्तातील कॉर्टिसोल हे ताणाशी निगडित संप्रेरक वारंवार मोजण्यात आले. उच्च रक्तदाबाचे प्रमाण या गटात लक्षणीय निघाले, आणि त्यात कोणाला फारसे आश्चर्य वाटले नाही. कॉर्टिसोलची गोष्ट मात्र वेगळी होती. काम वाढले की ज्यांचे कॉर्टिसोल वाढत होते, असे नियंत्रक सहकाऱ्यांच्या दृष्टीने अधिक सक्षम होते आणि आपल्या कामाबाबत अधिक समाधानीही होते. कामाच्या क्षणी शरीराने सज्ज होणे हा या कामाचा भागच आहे. ती सज्जता दाबून टाकण्याचा सल्ला देणाऱ्याने हे काम जवळून पाहिलेले नसते. प्रश्न उभा राहतो तो सज्ज झालेले शरीर पुन्हा खाली यायला वेळ मिळत नाही तेव्हा.

म्हणूनच ब्रेकला मी सवलत मानत नाही. ब्रिटनच्या नियमांनुसार साधारणपणे दोन तासांहून अधिक सलग नियंत्रण करता येत नाही आणि त्यानंतर किमान अर्ध्या तासाचा ब्रेक द्यावा लागतो. इतरत्रही अशा मर्यादा आहेत. पण नियम असणे आणि तो पाळण्याइतकी माणसे असणे यांत अंतर असते. माणसे कमी पडली की सर्वांत आधी ब्रेक आकसतो, मग दोन सेक्टर एकत्र करून एकाच नियंत्रकाकडे दिले जातात, मग सुट्टीच्या दिवशी फोन येतो. यातला प्रत्येक निर्णय त्या दिवसापुरता समजण्यासारखा असतो आणि सुपरवायझरसमोर खरोखरच दुसरा पर्याय नसतो. महिनोन्महिने हेच चालू राहिले की मात्र कक्षातील सर्वांचा थकवा एकाच वेळी वाढतो आणि तो कोणाच्याही नावावर दिसत नाही.

गर्दीच्या शिखरावर माणूस जागरूक असतो. माझ्या अनुभवात धोक्याची वेळ त्यानंतरची असते, जेव्हा गर्दी ओसरते, खांदे सैल पडतात आणि लक्ष अर्धवट दुसरीकडे जाते. दुसरी धोक्याची वेळ म्हणजे हँडओव्हरनंतरची, एका नियंत्रकाने दुसऱ्याकडे खुर्ची सोपवल्यानंतरची, पहिली काही मिनिटे. येणाऱ्या नियंत्रकाला विमाने दिसत असतात, पण कोणाला काय सांगून ठेवले आहे, कोणता वैमानिक एका हाकेत उत्तर देत नाही, शेजारच्या सेक्टरशी कोणता तोंडी करार झाला आहे, हे स्क्रीनवर नसते. चांगल्या कक्षांत हँडओव्हर ठरलेल्या यादीनुसार होतो आणि जाणारा नियंत्रक हेडसेट न काढता काही मिनिटे मागे थांबून ऐकत राहतो. ही साधी पद्धत कोणत्याही ताणमुक्ती शिबिरापेक्षा जास्त चुका वाचवते असे मला वाटते. घाईत तिच्यावरच पहिली कात्री चालते, याचे मला वाईट वाटते.

हँडओव्हर आणि मनुष्यबळ एकत्र बिघडले तर काय होते, याचे उदाहरण म्हणून १० सप्टेंबर १९७६ रोजी तेव्हाच्या युगोस्लाव्हियातील झाग्रेबजवळ झालेला अपघात मी प्रत्येक नव्या नियंत्रकाला समजावून सांगत असे. त्या काळी झाग्रेबचे केंद्र युरोपातील अतिशय गर्दीच्या केंद्रांपैकी एक होते आणि तिथे माणसांची चणचण होती. त्या सकाळी वरच्या सेक्टरवर जोडीने काम अपेक्षित असताना बदली नियंत्रक वेळेवर आला नाही, त्याला शोधायला सहकारी उठून गेला आणि एक तरुण नियंत्रक काही मिनिटे एकटाच सगळे सांभाळत राहिला. खालच्या सेक्टरमधून एक डीसी-९ विमान त्याच्या हद्दीतून वर चढू लागले आणि त्याबाबतचा समन्वय दोन्ही नियंत्रकांनी घाईघाईत उरकला. त्या विमानाने त्याच्याशी पहिल्यांदा संपर्क साधला तेव्हा टक्कर व्हायला मिनिटभरही उरले नव्हते. समोरून ३३,००० फुटांवर ब्रिटिश एअरवेजचे ट्रायडेंट विमान येत होते.

त्या शेवटच्या क्षणी नियंत्रकाने डीसी-९ ला आहे त्या उंचीवर थांबायला सांगितले, आणि तोवर इंग्रजीत बोलणारा हा माणूस ते वाक्य आपल्या मातृभाषेत बोलला. डीसी-९ च्या वैमानिकांना ते कळले; ट्रायडेंटच्या वैमानिकांना कळण्याची शक्यताच नव्हती. सूचना ऐकून डीसी-९ जिथे स्थिरावले ती नेमकी ट्रायडेंटचीच पातळी होती. १७६ जण मरण पावले. पराकोटीच्या ताणाखाली मेंदू सर्वांत आधी शिकलेल्या गोष्टीकडे धाव घेतो, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही. खटल्यात शिक्षा फक्त त्या एका नियंत्रकाला झाली, सात वर्षांची. जगभरातील नियंत्रकांनी त्याच्यासाठी पाठपुरावा केला आणि १९७८ मध्ये तो मुदतीपूर्वी सुटला. एका माणसाला तुरुंगात पाठवून त्या केंद्रातील मनुष्यबळाचा प्रश्न तसूभरही सुटला नाही, हे मला आजही अस्वस्थ करते.

सव्वीस वर्षांनंतर, १ जुलै २००२ च्या रात्री, जर्मनीतील युबरलिंगेन गावावर बाश्किर एअरलाइन्सचे टुपोलेव आणि डीएचएलचे बोइंग ७५७ एकमेकांवर आदळले आणि ७१ जण दगावले. ते आकाश झ्युरिकहून नियंत्रित होत होते. ड्यूटीवर दोन नियंत्रक होते, पण रात्री वाहतूक कमी असते म्हणून एकाने विश्रांती घ्यायची ही तिथली रुळलेली पद्धत होती आणि व्यवस्थापनाला ती माहीत होती. त्याच रात्री देखभालीचे काम चालू असल्याने रडार यंत्रणा मर्यादित स्वरूपात चालत होती, टकरीचा दृश्य इशारा देणारी सोय बंद होती आणि मुख्य दूरध्वनी व्यवस्थाही बंद होती. अशात उशिरा आलेले एक एअरबस विमान जवळच्या विमानतळावर उतरवायचे होते. एकटा नियंत्रक दोन ठिकाणच्या स्क्रीनमध्ये ये-जा करत होता आणि बंद पडणाऱ्या फोनशी झगडत होता. शेजारच्या कार्ल्सरूऽ केंद्रातील नियंत्रकांना धोका दिसला, त्यांनी वारंवार फोन केले, पण फोन लागला नाही. झ्युरिकच्या नियंत्रकाच्या लक्षात आले तेव्हा मिनिटाहूनही कमी वेळ उरला होता. त्याने टुपोलेवला खाली जायला सांगितले, त्याच वेळी विमानातील टक्कर टाळणारी यंत्रणा त्याला वर जायला आणि बोइंगला खाली जायला सांगत होती.

हा अपघात बहुतेक वेळा विमानातील यंत्रणा आणि नियंत्रक यांच्या परस्परविरोधी सूचनांसाठी आठवला जातो, आणि अशा वेळी यंत्रणेचीच सूचना पाळायची हा नियम पुढे जगभर स्पष्ट झाला, हे योग्यच झाले. माझे लक्ष मात्र त्याआधीच्या काही मिनिटांकडे जाते. त्या रात्री त्या खुर्चीवर कितीही शांत स्वभावाचा, नियमित ध्यान करणारा माणूस बसवला असता तरी त्याच्याकडे तेवढेच दोन कान आणि तेवढीच मिनिटे असती. २००७ मध्ये स्वित्झर्लंडच्या न्यायालयाने नियंत्रण कंपनीच्या चार कर्मचाऱ्यांना दोषी ठरवले, आणि त्यांतील तिघे व्यवस्थापक होते. झाग्रेबच्या तुलनेत जबाबदारीची दिशा बदलली, हे मला महत्त्वाचे वाटते.

आता झोपेविषयी, कारण या विषयावर सर्वांत कमी प्रामाणिकपणे बोलले जाते. अमेरिकेत नियंत्रकांमध्ये एक रोस्टर दीर्घकाळ रुळलेले आहे: दोन संध्याकाळच्या शिफ्ट, मग दोन सकाळच्या आणि शेवटी एक मध्यरात्रीची. दर शिफ्ट आधीच्यापेक्षा लवकर सुरू होत असल्याने पाच शिफ्ट चार दिवसांहून कमी वेळात उरकतात आणि सलग मोठी सुट्टी मिळते. अनेक नियंत्रकांना ते आवडते, हे मला मान्य आहे; कुटुंबाला वेळ मिळतो. पण शरीराचे घड्याळ अशा उलट्या उड्या घेत नाही. २७ ऑगस्ट २००६ रोजी पहाटे लेक्सिंग्टन येथे कॉमेअरचे विमान चुकीच्या, आखूड धावपट्टीवरून उडू लागले आणि ५० पैकी ४९ जण मृत्युमुखी पडले. तपासात मुख्य कारण वैमानिकांची चूक हेच ठरले. टॉवरमध्ये मात्र एकच नियंत्रक होता, आदल्या दिवशीची शिफ्ट संपवून नऊ तासांनी तो पुन्हा कामावर आला होता, आणि त्या नऊ तासांत त्याची सुमारे दोन तासच झोप झाली होती. उड्डाणाची परवानगी देऊन तो दुसऱ्या कामाकडे वळला. विमान चुकीच्या धावपट्टीवर वळताना त्याला दिसले नाही.

नऊ तासांच्या सुट्टीत दोनच तास झोप कशी, असा प्रश्न विचारणाऱ्याने त्या नऊ तासांत येण्याजाण्याचा वेळ, जेवण आणि दिवसाचा उजेड मोजावा. भर दुपारी, फक्त रोस्टरने सांगितले म्हणून कोणाला झोप येत नाही. २३ मार्च २०११ च्या रात्री वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर टॉवरमधील एकटा नियंत्रक झोपी गेला आणि दोन प्रवासी विमाने टॉवरशी संपर्काविना उतरली. ती त्याची सलग चौथी रात्रपाळी होती. त्यानंतर रात्री एकट्याने काम करण्याची पद्धत अनेक ठिकाणी बंद झाली आणि दोन शिफ्टमधील किमान विश्रांती आठवरून नऊ तासांवर गेली. २०२४ मध्ये ती दहा तास आणि मध्यरात्रीच्या शिफ्टपूर्वी बारा तास करण्याचे जाहीर झाले. हे बदल चांगले आहेत. मात्र रात्रपाळीतील ब्रेकमध्ये नियंत्रकाला झोपू द्यावे, या सूचनेला २०११ मध्ये तिथल्या परिवहन मंत्र्यांनी जाहीर नकार दिला. झोपण्यासाठी पगार देणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. ही भूमिका लोकांना पटते, पण ती मला साफ चुकीची वाटते. बदली माणूस खुर्चीवर असताना, अंधाऱ्या खोलीत घेतलेली छोटी झोप आणि त्यानंतर पूर्ण जागे व्हायला दिलेला वेळ, हा पहाटेच्या थकव्यावर आपल्याकडे असलेला सर्वांत खात्रीचा उपाय आहे. युबरलिंगेनच्या रात्रीशी याची गल्लत करू नये: तिथे विश्रांती घेणाऱ्याच्या जागी कोणीच नव्हते.

नियम हळूहळू या दिशेने येत आहेत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियंत्रकांच्या थकव्याविषयीच्या तरतुदी नोव्हेंबर २०२० पासून लागू झाल्या. युरोपीय संघाच्या २०१७ च्या ३७३ क्रमांकाच्या नियमावलीने, जी २ जानेवारी २०२० पासून लागू झाली, नियंत्रण सेवा देणाऱ्या संस्थेवर ताण, थकवा आणि रोस्टर या तिन्हींची स्वतंत्र जबाबदारी टाकली. ताणाबाबत धोरण असणे, गंभीर प्रसंगानंतर नियंत्रकाला आधार देण्याची व्यवस्था असणे आणि रोस्टर ठरवताना नियंत्रकांशी सल्लामसलत करणे, हे तिथे कायद्याने बंधनकारक आहे. ताण ही व्यक्तीची खासगी बाब न राहता संस्थेच्या सुरक्षा व्यवस्थेचा भाग झाली, हा या नियमांचा खरा अर्थ आहे.

मग नियंत्रकाने स्वतः काहीच करायचे नाही का? करायचे आहे, आणि त्यातील सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे वेळेत मदत मागणे. सेक्टर विभागून द्या, जोडीला माणूस द्या, शेजारच्या सेक्टरने विमाने थोपवून धरावीत, असे गर्दी चढण्याच्या दहा मिनिटे आधी सांगावे लागते. गर्दीत पूर्ण बुडाल्यावर सेक्टर विभागणे हेच एक नवे काम होऊन बसते, कारण तेव्हा हँडओव्हरसाठी लागणारी दोन वाक्येही बोलायला उसंत नसते. या पेशाची घडण मात्र अशी आहे की निभावून नेणाऱ्याला मान मिळतो. एखाद्याने एकट्याने प्रचंड गर्दी काढली की दिवसभर त्याची वाहवा होते; दुसऱ्याने वेळीच मदत मागितली तर कोणी काही बोलत नाही, आणि त्या गप्प राहण्यातून शिकाऊ मुले काय शिकायचे ते शिकतात. मी शिकवत असताना मदत वेळेवर मागितल्याची नोंद मूल्यमापनात गुण म्हणून करत असे. सुपरवायझरनेही विचारणा होण्याची वाट न पाहता सेक्टर उघडावा, कारण बुडणाऱ्याला आपण बुडतो आहोत हे शेवटी कळते. त्याची चिन्हे बाजूला बसणाऱ्याला आधी दिसतात: बोलण्याचा वेग वाढतो, वैमानिकाला ‘पुन्हा सांगा’ म्हणणे वाढते, नजर स्क्रीनच्या एकाच कोपऱ्यात अडकते, स्ट्रिपवरच्या, म्हणजे प्रत्येक विमानाच्या नोंदपट्टीवरच्या, नोंदी मागे पडतात.

मानसिक आरोग्याचा प्रश्न याहून अवघड आहे. नियंत्रकाचे काम वैद्यकीय पात्रतेवर चालते. झोप न लागणे, सतत धडधड, खिन्नता यांविषयी डॉक्टरांशी बोलले तर पात्रता जाईल, भत्ते बंद होतील, कदाचित खुर्चीच जाईल, ही भीती प्रत्येकाच्या मनात असते आणि ती निराधार नसते. परिणामी जो माणूस सुरुवातीलाच काही आठवडे थांबून बरा झाला असता, तो वर्षभर काहीच न सांगता काम करत राहतो. नियामकांनी उपचार घेत असलेल्या माणसाला कामावर परतण्याचा स्पष्ट, ठरलेल्या मुदतीचा आणि उत्पन्न न बुडवणारा मार्ग दिला, तर आजार लपवण्याचे कारणच कमी होईल. तोवर ‘मोकळेपणाने बोला’ असे फलक कक्षाबाहेर लावून फारसे काही साधणार नाही, असे मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते.

शेवटचा भाग प्रसंगानंतरचा. दोन विमाने एकमेकांच्या धोकादायक जवळ आली आणि सुखरूप गेली, तरी त्या नियंत्रकाचे त्या दिवशीचे काम तिथेच थांबवायला हवे. २८ एप्रिल २०२५ रोजी फिलाडेल्फियातील केंद्रात, जिथून नेवार्क विमानतळाची वाहतूक हाताळली जाते, सुमारे दीड मिनिट रडार आणि रेडिओ दोन्ही बंद पडले. अपघात झाला नाही. तरीही त्यानंतर अनेक नियंत्रकांनी मानसिक आघातासाठी असलेली रजा घेतली, आणि त्यावर बाहेर बरीच टीका झाली. ज्याने विमानांना हाक मारली आणि कोणतेच उत्तर ऐकू आले नाही, समोरचा स्क्रीनही कोरा झाला, त्याच्यासाठी ते दीड मिनिट काय असते, हे मला सहज समजू शकते. काही वाईट घडले नाही, एवढ्यावरून त्या माणसाला लगेच पुन्हा खुर्चीवर बसवणे धोक्याचे आहे.

अनेक देशांतील नियंत्रण संस्थांनी यासाठी सहकाऱ्यांमधूनच प्रशिक्षित माणसे तयार केली आहेत. मी ज्या गटात काम केले तिथे पहिला नियम असा होता, की आधार देणारा सहकारी चौकशीत कधीही सहभागी होणार नाही आणि त्याला सांगितलेले कुठेही लिहिले जाणार नाही. हा नियम एकदा जरी मोडला तरी पुढे कोणी तोंड उघडत नाही. दुसरा नियम असा, की कोणालाही बोलायला भाग पाडायचे नाही. याला कारण आहे: आघातानंतर लगेच एकाच बैठकीत सगळे बोलून मोकळे व्हायला लावण्याच्या पद्धतीचा पुढचे मानसिक विकार टाळण्यासाठी उपयोग होत नाही, असे वैद्यकीय संशोधनांचा एकत्रित विचार करणाऱ्या २००२ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसून आले होते. म्हणून आम्ही सुरुवातीला फक्त त्या माणसाला खुर्चीवरून बाजूला नेत असू, घरी पोहोचवण्याची व्यवस्था करत असू आणि पुढचे काही दिवस झोप उडणे, तोच क्षण पुन्हा पुन्हा दिसणे, हात थरथरणे हे अपेक्षितच आहे, एवढे सांगत असू. बोलणे त्याला हवे तेव्हा सुरू होत असे. काही आठवड्यांनी ही लक्षणे ओसरली नाहीत तर तज्ज्ञाकडे पाठवले जाई, आणि ती भेटही खात्याच्या डॉक्टरांपासून वेगळी ठेवली जाई.

कामावर परतणे टप्प्याटप्प्याने होत असे. सुरुवातीला तो नियंत्रक सहकाऱ्याच्या मागे बसून नुसता ऐकत असे, मग कमी वाहतुकीच्या तासांत जोडीदारासह खुर्ची घेत असे, आणि ज्या सेक्टरमध्ये तो प्रसंग घडला होता त्या सेक्टरवर केव्हा बसायचे ते तो स्वतः ठरवत असे. यासाठी रोस्टरमध्ये एक माणूस जास्त ठेवावा लागतो. जिथे तो माणूस नसतो, तिथे आधाराचे धोरण कितीही चांगले लिहिलेले असले तरी हादरलेला नियंत्रक तिसऱ्या दिवशी त्याच सेक्टरवर एकटा बसलेला दिसतो.